घरांची टंचाई सोडवायची जबाबदारी कुणाची?

एका शहरात ४० लाख लोक राहतात आणि एका घरात सरासरी ४ माणसं आहेत असं धरू. म्हणजे १० लाख घरं लागतात. पुढच्या वीस वर्षांत लोकसंख्या एकानेही वाढली नाही; पण मुलं वेगळी राहू लागली, म्हातारी माणसं एकेकटी उरली आणि ही सरासरी ४ वरून ३.५ वर आली. आता तेवढ्याच ४० लाख लोकांना सुमारे ११ लाख ४३ हजार घरं लागतात. बाहेरून एकही माणूस न येता १ लाख ४३ हजार घरं कमी पडली.

यात कुणाचं कारस्थान नाही. ही तूट वीस वर्षं आधी कागदावर दिसत होती, पण ती पाहणं हे कुणाचंच काम नव्हतं. घरटंचाईवरचा वाद मात्र जवळजवळ नेहमी दोषापासून सुरू होतो: बिल्डर लोभी, सरकार झोपलेलं, बाहेरचे लोंढे फार, जुने रहिवासी आडमुठे. प्रत्येक आरोपात थोडं तथ्य असतंच, पण त्यातून घरं वाढत नाहीत. कुणाच्या हातात कोणता अधिकार आहे हे आधी पाहिलं, तर जबाबदारी ठरवणं बरंच सोपं होतं.

आमचं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. घर उभारण्याची कामं अनेकांत वाटली जातात आणि ती तशीच वाटली पाहिजेत. पण वर्षाला एकूण किती घरं तयार झाली, याचा जाब द्यायची जबाबदारी मात्र वाटून चालत नाही. ती एकाच ठिकाणी हवी, आणि ते ठिकाण वॉर्ड किंवा उपनगर नसून लोक जिथून रोज कामाला ये-जा करतात तो अख्खा शहरी पट्टा असायला हवा. शिवाय ज्यांचं उत्पन्न बांधकामाच्या खर्चापर्यंतही पोचत नाही, त्यांच्या घराची जबाबदारी सरकारचीच आहे, आणि त्यात दरवर्षीची देखभालही आली.

टंचाई कोणत्या प्रकारची, ते आधी ओळखा

‘टंचाई’ या एका शब्दाखाली चार वेगळे आजार असतात आणि चारही ठिकाणी जबाबदार माणूस वेगळा निघतो.

पहिला: एकूण घरंच कमी. याची खूण म्हणजे किंमत आणि भाडं दोन्ही एकदम चढतात आणि गळकी, अंधारी घरंसुद्धा चांगल्या भाड्याने जातात. हा आजार जमीन, बांधकाम परवानग्या आणि पाणी-ड्रेनेज ज्यांच्या हातात आहे त्यांचा.

दुसरा: घरं आहेत, पण कामापासून दूर. शहराच्या कडेला इमारतींच्या रांगा रिकाम्या आणि मध्यभागी एकेका खोलीत चार-चार माणसं. ही घरं आकडेवारीत भरती होतात, पण जाण्या-येण्यात रोज तीन तास जाणार असतील तर तिथे राहायला कुणी जात नाही. इथे चूक बहुतेकदा वाहतूक आणि नगररचना ही दोन खाती एकमेकांशी न बोलल्यामुळे होते.

तिसरा: घरं आहेत, जवळही आहेत, पण उत्पन्नात बसत नाहीत. घरावरचा खर्च कुटुंबाच्या उत्पन्नाच्या ३० टक्क्यांच्या आत असावा, असा एक ढोबळ ठोकताळा जगभर वापरतात. तो फार बारकाईचा नाही. मोठ्या पगारात ४० टक्के गेले तरी पुष्कळ उरतं, तुटपुंज्या पगारात २५ टक्के गेले तरी उपास पडू शकतो. म्हणून घराचा खर्च वजा करून हातात किती उरतं, हे पाहणं जास्त खरं.

चौथा: घरं आहेत, पण बंद. यावर लोक फार चिडतात. मात्र बंद घरांमध्ये आणखी फरक करावा लागतो. भाड्याच्या १०० घरांपैकी चार-पाच घरं कोणत्याही क्षणी रिकामी असणं निरोगीपणाचं लक्षण आहे. तेवढीही नसतील तर कुणाला घर बदलताच येणार नाही. त्याच्या वरची बंद घरं का बंद आहेत हे विचारावं. वारसांचा वाद असेल तर उपाय न्यायालयाकडे. ‘भाडेकरू बाहेरच पडणार नाही’ ही मालकाची भीती असेल तर उपाय भाडेकायदा आणि त्याची अंमलबजावणी करणाऱ्यांकडे. दुरुस्तीला पैसा नसेल तर स्वस्त दुरुस्ती-कर्ज हा उपाय. आणि किंमत वाढेल म्हणून नुसतं धरून ठेवलं असेल, तरच रिकाम्या घरावरचा कर हे योग्य हत्यार. कारण न बघता चौघांवर एकच कर लावला तर पहिल्या तिघांची घरं तशीच बंद राहतात.

आकडा कसा काढायचा

हे काम कंटाळवाणं आहे आणि सगळ्यात जास्त टाळलं जातं. म्हणून सविस्तर मांडतो.

१० लाख कुटुंबांच्या शहराचं वर्षाचं गणित असं करता येईल. दरवर्षी कुटुंबांची संख्या दीड टक्क्याने वाढते असं धरलं तर १५,००० घरं. जुनी, पडायला आलेली घरं दरवर्षी अर्धा टक्का बाद होतात, त्यांच्या जागी ५,०००. साचलेली तूट ६०,००० घरांची आणि ती १० वर्षांत भरून काढायची, तर वर्षाला ६,०००. घर बदलणाऱ्यांसाठी रिकाम्या घरांचा थोडा साठा वाढवायला १,०००. बेरीज २७,०००.

साचलेली तूट मोजताना मनाविरुद्ध एका घरात राहणारी दोन कुटुंबं, धोकादायक इमारतीत राहणारी कुटुंबं आणि बेघर माणसं यांची मोजणी वेगवेगळी करावी लागते. एकच कुटुंब दोन यादीत आलं तर आकडा फुगतो. त्याहून मोठी चूक उलट दिशेची असते: घर परवडत नाही म्हणून लग्न लांबवलेले, आईवडिलांकडे अडकून पडलेले तरुण यांचं स्वतंत्र कुटुंब मोजलंच जात नाही. टंचाई जितकी तीव्र, तितकी कुटुंबं कमी तयार होतात आणि कागदावर गरज कमी दिसते. मागच्या दहा वर्षांचा कल पुढे ओढणारे अंदाज म्हणून नेहमी तोकडे पडतात.

दुसरा घोळ परवानग्यांचा. २७,००० घरं हवीत म्हणून २७,००० परवानग्या दिल्या की काम झालं असं मानलं जातं. परवानगी, पायाभरणी, बांधकाम पूर्ण, भोगवटा प्रमाणपत्र या प्रत्येक पायरीवर गळती होते. १०० परवानग्यांपैकी ८० घरंच वेळेत तयार होत असतील, तर २७,००० घरांसाठी ३३,७५० परवानग्या लागतात. ही ८० टक्क्यांची संख्या आपल्या शहरात किती आहे, हे ज्या कार्यालयाला सांगता येत नाही, त्याचा आराखडा कितीही देखणा असला तरी त्यावर विसंबू नये.

जमिनीची किंमत सगळ्यात शेवटी ठरते

जमीन महाग म्हणून घरं महाग, असं म्हणतात. बहुतांशी उलटं असतं. घर किती किमतीला विकलं जाईल यावरून बिल्डर मागे मोजत जातो, आणि सगळा खर्च वजा करून जे उरतं ते जमीनमालकाला देऊ करतो. हे समजलं की जबाबदारीच्या निम्म्या वादाचा उलगडा होतो.

एका भूखंडावर १०० घरं, प्रत्येकाची विक्री किंमत १०० एकक. बांधकाम ५५, शुल्क-व्याज-विक्री खर्च १५, बिल्डरचा नफा आणि जोखीम १५. एका घरामागे उरतात १५, म्हणजे जमिनीला १,५०० एकक. त्या जागेवर आज एक गोदाम आहे आणि गोदाम म्हणून तिची किंमत ८०० आहे. मालक आनंदाने विकेल.

आता नियम आला: २० टक्के घरं निम्म्या किमतीत द्या. उत्पन्न ८० घरांचे ८,००० आणि २० घरांचे १,०००, एकूण ९,०००. खर्च आणि नफा मिळून ८,५००. जमिनीला उरले ५००. मालक म्हणतो, माझं गोदामच बरं. जमीन विकली जात नाही, आणि २० स्वस्त घरांसोबत उरलेली ८०सुद्धा गेली. १० टक्क्यांचा नियम असता तर जमिनीला १,००० उरले असते आणि १० स्वस्त घरं खरोखर उभी राहिली असती. किंवा २० टक्क्यांचा नियम ठेवून त्याच जागेवर एफएसआय (भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येतं ते प्रमाण) वाढवून २०० घरांना परवानगी दिली असती, तर ४० स्वस्त घरं मिळून जमिनीला १,००० उरले असते. (उंच इमारतीत प्रत्येक घराचा खर्च थोडा चढतो, तेवढी वजावट धरावी.)

यातून दोन गोष्टी कळतात. स्वस्त घरांचा भार बिल्डरने उचलावा असं वाटत असलं तरी प्रत्यक्षात तो जमीनमालकावर जातो, आणि तो जागेच्या आजच्या वापराच्या किमतीपर्यंतच खेचता येतो. त्यापुढे खेचलं की काम थांबतं. दुसरी गोष्ट, टक्केवारी ठरवणाऱ्या अधिकाऱ्याला हा हिशेब भाग-भागानुसार करता आला पाहिजे. अख्ख्या शहराला एकच आकडा लावणं म्हणजे एका भागात फायदा सोडून देणं आणि दुसऱ्या भागात कामं बंद पाडणं.

रेल्वे, पाणी, रस्ता आला की जमिनीची किंमत वाढते. ती वाढ मालकाने कमावलेली नसते. ती लोकांकडे परत आणायचा सर्वात सरळ मार्ग म्हणजे इमारतीवर कर न लावता जमिनीच्या मूल्यावर लावणं. एस्टोनियात १९९३ पासून असा जमिनीपुरता कर आहे. मजला चढवला म्हणून कर वाढत नाही, आणि भूखंड रिकामा ठेवला म्हणून कमीही होत नाही. करासाठी जमिनीचं मूल्यांकन वेळोवेळी नव्याने करावं लागतं. ते दशकानुदशकं जुनं राहिलं की कराचा अर्थच जातो.

बिल्डरकडून काय अपेक्षा ठेवावी, काय ठेवू नये

बिल्डरने चांगलं, सुरक्षित घर वेळेत द्यावं. एवढी अपेक्षा कायद्याने सक्तीची असावी. पण बाजारभाव खाली येईल इतकी घरं त्याने स्वतःहून बांधावीत, ही अपेक्षा व्यर्थ आहे. ब्रिटनमध्ये ऑलिव्हर लेटविन यांनी २०१८ मध्ये मोठ्या बांधकाम-स्थळांचा वेग इतका मंद का, याची सरकारसाठी तपासणी केली. निष्कर्ष असा, की आजूबाजूचे भाव न पडता जितकी घरं खपतात तितक्याच वेगाने ती बांधली जातात. यात बेकायदा काही नाही. जमीन विशिष्ट भाव धरून घेतलेली असते, भाव पडला तर कर्ज बुडतं. म्हणून मंदीत बांधकाम थांबतं, नेमकं तेव्हाच जेव्हा मजूर आणि सामान स्वस्त असतं.

मंदीतही बांधत राहणारा दुसरा कुणीतरी हवा: महापालिका, ना-नफा गृहसंस्था, सहकारी संस्था. आणि एकाच मोठ्या भूखंडावर विक्रीची, भाड्याची, सहकारी अशी वेगवेगळी घरं असली तर खप वेगवेगळ्या लोकांत होतो आणि वेग वाढतो. लेटविन यांची मुख्य शिफारस हीच होती.

परवानगीचा अधिकार कुठे असावा

एखाद्या गल्लीत आठ मजली इमारत येणार असेल तर धूळ, आवाज, गेलेलं ऊन, वाढलेली गर्दी हे सगळं त्या गल्लीतल्या लोकांनी सोसायचं. फायदा मात्र जे तिथे राहायला येतील त्यांचा, आणि ते आज दुसरीकडे राहतात. सुनावणीला ते येऊ शकत नाहीत, त्या वॉर्डात त्यांचं मतही नाही. अशा रचनेत निर्णय गल्लीच्या पातळीवर ठेवला तर उत्तर ‘नको’ असंच येणार. विरोध करणाऱ्यांना स्वार्थी म्हणून काही साधत नाही. त्यांची तक्रार खरी असते. फक्त टेबलावर दुसरी बाजू नसते.

हा पेच वेगवेगळ्या देशांनी वेगवेगळ्या पद्धतीने सोडवला आहे.

जपानमध्ये जमीन-वापराचे विभाग राष्ट्रीय कायद्याने ठरतात. सध्या ते १३ आहेत. कुठल्या भागाला कोणता विभाग लावायचा हे स्थानिक प्रशासन ठरवतं, पण विभागाच्या आत काय चालतं हे त्याला मनाप्रमाणे बदलता येत नाही. जवळजवळ सर्व विभागांत घरं चालतात, अगदी दुकानांच्या आणि हलक्या उद्योगांच्या भागातही. आराखडा नियमात बसला की मंजुरी मिळते. प्रत्येक इमारतीवर सुनावणी होत नाही. टोकियोची लोकसंख्या दशकं वाढत असूनही तिथली भाडी बरीच वर्षं स्थिर राहिली, त्यामागचं हे एक मोठं कारण आहे.

न्यूझीलंडमधल्या ऑकलंडने २०१६ मध्ये निवासी जमिनीच्या सुमारे तीन-चतुर्थांश भागावर जास्त घरं बांधायला मुभा दिली. त्याआधी तिथल्या वेगवेगळ्या नगरपरिषदा एकत्र करून २०१० मध्ये एकच महानगर परिषद केली होती. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी अधिकार पट्ट्याच्या पातळीवर आला, मग नियम बदलले, मग परवानग्या वाढल्या.

फ्रान्सचा मार्ग कडक. २००० सालच्या कायद्यानुसार मोठ्या नागरी पट्ट्यांमधल्या साधारण ३,५०० पेक्षा जास्त वस्तीच्या नगरांत २० टक्के घरं सामाजिक भाड्याची, म्हणजे सरकारी मदतीने कमी भाड्यात दिलेली, हवीत. २०१३ मध्ये हे प्रमाण बहुतेक ठिकाणी २५ टक्क्यांवर नेलं. कमी पडणाऱ्या नगराला दरवर्षी दंड आणि फारच टाळाटाळ केली तर केंद्राचा प्रतिनिधी बांधकाम परवानगीचा अधिकार काढून स्वतःकडे घेऊ शकतो. काही श्रीमंत नगरं दंड भरून मोकळी होतात. म्हणून दंडापेक्षा अधिकार जाण्याची धास्ती जास्त परिणाम करते.

फिनलंडने देवाणघेवाणीचा रस्ता धरला. केंद्र सरकार आणि मोठ्या शहरी पट्ट्यातली नगरं यांच्यात करार होतो: तुम्ही अमुक इतकी घरं होतील एवढे आराखडे मंजूर करा, आम्ही रेल्वे-ट्रामला पैसा देऊ. आम्हाला हा प्रकार सर्वांत शहाणपणाचा वाटतो, कारण तो गल्लीच्या खऱ्या तक्रारीला उत्तर देतो. लोक वाढणार असतील तर त्यांच्याबरोबर ट्राम, शाळा, पाणीही येणार, हे लेखी मिळतं.

अधिकार चुकीच्या पातळीवर असला तर काय होतं, याचं उदाहरण बर्लिन. जर्मनीत हे शहर एक राज्यही आहे. त्या राज्याने २०२० मध्ये घरभाडी गोठवली. एप्रिल २०२१ मध्ये जर्मनीच्या घटना न्यायालयाने तो कायदा रद्द ठरवला. भाडं गोठवणं योग्य की अयोग्य, यात न्यायालय शिरलंच नाही. भाडेकायदा संघराज्याने आधीच केलेला असल्याने राज्याला तो अधिकारच नव्हता. मधल्या काळात कमी भाडं भरलेल्या अनेक भाडेकरूंना फरकाची रक्कम परत भरावी लागली.

नियमांत दडलेले छोटे खर्चही तपासावेत. प्रत्येक घरामागे एक पार्किंग सक्तीचं असेल, तर वळणाच्या जागेसह एका गाडीला २५ ते ३० चौरस मीटर लागतात. ५० चौरस मीटरच्या घरामागे हे निम्मं बांधकाम झालं, आणि तळघरात असेल तर ते वरच्या मजल्यापेक्षा महाग पडतं. ज्याच्याकडे गाडी नाही तोही हे पैसे भरतो.

पैसा: इथे सरकारला पर्याय नाही

भाड्याच्या घराचा सगळ्यात मोठा खर्च विटांचा नसतो, व्याजाचा असतो. १०० एककांचं कर्ज ३० वर्षांत फेडायचं तर ४ टक्के व्याजाने वर्षाला सुमारे ५.८ भरावे लागतात, ८ टक्क्यांनी सुमारे ८.९. तेच घर, तेच सिमेंट, पण भाडं दीडपट. खाजगी बँकेला ३० वर्षांचं स्वस्त कर्ज देणं जमत नाही, कारण तिच्याकडच्या ठेवी त्याहून कमी मुदतीच्या असतात. सरकार दीर्घ मुदतीचं कर्ज कमी व्याजाने उभं करू शकतं, किंवा हमी देऊन दुसऱ्यांसाठी व्याज खाली आणू शकतं.

उलट, टंचाईच्या काळात घर घेणाऱ्यांना अनुदान देणं लोकप्रिय असतं आणि बहुतेक वेळा वाया जातं. घरं तेवढीच, प्रत्येकाच्या हातात जास्त पैसे. बोली वर जाते आणि अनुदान विकणाऱ्याच्या खिशात पोचतं. आधी घरांची संख्या वाढण्याची वाट मोकळी करावी, मग मदत द्यावी.

बाजार पोचत नाही तिथे

जमीन फुकट, परवानगी झटपट, व्याज कमी असं सगळं जुळून आलं तरी बांधकाम आणि देखभाल यांचा खर्च भागवेल एवढं भाडं काही कुटुंबांना परवडत नाही. प्रत्येक समाजात असा वर्ग असतो: आजारी, वृद्ध, अपंग, एकट्या कमावत्या पालकाची कुटुंबं, तुटपुंज्या मजुरीवर राबणारे. इथे ‘बाजार हळूहळू करील’ हे म्हणणं खोटं आहे. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातल्या २५ व्या कलमात निवारा आहे. दक्षिण आफ्रिकेच्या राज्यघटनेतलं २६ वं कलम अधिक नेमकं बोलतं: उपलब्ध साधनांत राहून योग्य उपाय करणं राज्यावर बंधनकारक आहे. २००० मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने या कलमाचा अर्थ लावला. प्रत्येकाला मागताक्षणी घर मिळेल असं ते म्हणालं नाही. पण ज्यांच्या डोक्यावर आज छप्परच नाही त्यांच्यासाठी काहीच तरतूद नसलेली गृहयोजना योग्य म्हणता येणार नाही, असं सांगितलं. जबाबदारीची ही व्याख्या आम्हाला वापरण्याजोगी वाटते.

सरकारने स्वतः बांधायचं ठरवलं तर काय जमतं? व्हिएन्नाने १९२३ मध्ये घरांवर चढत्या दराचा खास कर लावला, आलिशान घरांवर सर्वाधिक, आणि १९३४ पर्यंत ६० हजारांवर घरं बांधली. आज शहराच्या मालकीची सुमारे २ लाख २० हजार घरं आहेत आणि जवळपास निम्मे रहिवासी महापालिकेच्या किंवा मर्यादित-नफा संस्थांच्या घरांत राहतात. तिथली उत्पन्नाची मर्यादा मुद्दाम उंच ठेवलेली आहे. मध्यमवर्गही तिथेच राहतो, भाडं नियमित येतं, लिफ्ट बंद पडली तर तक्रार ऐकली जाते. मात्र १९२० च्या दशकात जमीन स्वस्त मिळाली, कारण भाडी गोठलेली असल्याने खाजगी बांधकाम थंडावलं होतं. ती सोय आज कुणाला आयती मिळणार नाही.

सिंगापूरने १९६० मध्ये गृहनिर्माण मंडळ स्थापन केलं आणि पाच वर्षांत ५० हजारांहून जास्त घरं बांधली. १९६६ च्या भूसंपादन कायद्याने जमीन बाजारभावापेक्षा कमी मोबदल्यात घेता आली. म्हणजे या यशाची मोठी किंमत तिथल्या जमीनमालकांनी दिली. आज सुमारे ८० टक्के नागरिक आणि कायम रहिवासी त्या मंडळाच्या घरांत आहेत. घरं ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळतात, त्यामुळे पट्टा संपत आला की घराची किंमत कशी राहणार, हा प्रश्न आता तिथे उभा आहे.

फसतं कुठे, तेही पाहू. अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये १९५० च्या दशकात प्रुइट-आयगो नावाने ११ मजली ३३ इमारती उभ्या राहिल्या. बांधायचा पैसा केंद्राने दिला, पण देखभाल भाड्यातून भागवायची अट होती. शहरातले लोक उपनगरांत गेले, घरं रिकामी पडली, भाडं आटलं, लिफ्ट आणि पाइप दुरुस्त होईनात, त्यामुळे आणखी लोक गेले. १९७२ मध्ये इमारती पाडायला सुरुवात झाली. दोष उंचीचा किंवा तिथे राहणाऱ्यांचा असल्याचं पुष्कळ वर्षं सांगितलं गेलं. देखभालीच्या पैशाची सोय नव्हती, ही गोष्ट मात्र मागे पडली. म्हणून घर बांधायच्या दिवशीच दरवर्षी काही रक्कम दुरुस्ती निधीत जाईल अशी तरतूद हवी: छत आणि बाहेरचा गिलावा, पाण्याच्या वाहिन्या, लिफ्ट यांची आयुष्यं वेगवेगळी, त्यामुळे प्रत्येकाचा हिशेब वेगळा.

दुसरं फसणं विक्रीचं. ब्रिटनमध्ये १९८० पासून महापालिकांच्या घरांत राहणाऱ्यांना ती सवलतीत विकत घ्यायचा हक्क मिळाला. एकट्या इंग्लंडमध्ये २० लाखांच्या जवळपास घरं गेली. घेणाऱ्या कुटुंबांचं भलं झालं यात शंका नाही, पण आलेल्या पैशातून नवी घरं बांधायला महापालिकांवर बंधनं होती. साठा आटला. विकायचं असेल तर विकलेल्या प्रत्येक घराच्या जागी एक नवं, ही अट त्याच कायद्यात हवी.

भाडेकरूंना संरक्षण, पण अर्ध्यावर थांबू नये

भाडं एकदम दुप्पट करून माणसाला बाहेर काढणं थांबवायलाच हवं, आणि ते कायदा करणाऱ्यांचं काम आहे. पण भाडेनियंत्रण टंचाई वाटून देतं, संपवत नाही. सॅन फ्रान्सिस्कोत १९९४ मध्ये जुन्या छोट्या इमारतींना भाडेनियंत्रण लागू केलं. आतले भाडेकरू टिकून राहिले, हा खरा फायदा. पण मालकांनी घरं विक्रीला काढली, इमारती पाडून बांधल्या, आणि अशा इमारतींतली भाड्याची घरं सुमारे १५ टक्क्यांनी घटली. त्याचा भार नंतर घर शोधणाऱ्यांवर पडला. म्हणून राहत्या भाडेकरूसाठी वर्षाची वाढ महागाईशी जोडावी, नव्या इमारतींना काही वर्षं सूट द्यावी आणि त्याच जोडीला संख्या वाढवावी.

कंपन्यांनी कामगारांना घरं द्यावीत, ही सूचनाही नेहमी येते. दुर्गम खाणीवर किंवा धरणाच्या कामावर ती रास्त आहे. शहरात मात्र घर नोकरीला बांधलं की नोकरी जाताच छप्परही जातं, आणि अन्यायाविरुद्ध बोलायची कामगाराची ताकद संपते. मोठ्या मालकांनी जमिनीवरच्या किंवा पगारपत्रकावरच्या करातून वाटा द्यावा, हे बरं.

सामान्य नागरिकाच्या हातात परवानगी नाही, पैसा नाही. पण प्रश्न विचारायचा हक्क आहे. आपल्या शहरी पट्ट्याच्या प्रशासनाकडे वर्षातून एकदा एका पानाचा तक्ता मागावा. त्यात हे असावं: गेल्या वर्षी किती घरांची गरज होती, किती परवानग्या दिल्या, किती घरांना भोगवटा प्रमाणपत्र मिळालं, परवानगी अर्जापासून मंजुरीपर्यंत सरासरी किती दिवस लागले, किती घरं पाडली गेली किंवा विकली गेली, कमी भाड्याच्या घरासाठी यादीत किती कुटुंबं आहेत आणि सर्वांत जुन्या अर्जाचं वय किती, सरकारी घरांच्या दुरुस्ती निधीत किती शिल्लक आहे. हे आकडे पाच वेगवेगळ्या कार्यालयांतून गोळा करावे लागत असतील, तर त्या पाचांना एका टेबलावर बसवणारा आणि तक्त्याखाली सही करणारा अधिकारी नेमून घेणं, ही मागणी सगळ्यात आधी करावी.